पहिल्या आठवड्याचे भाकीत

निकाल लागल्यानंतर ‘हे मला आधीच ठाऊक होते’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. मला कुतूहल आहे ते निकालाच्या कितीतरी आधीच्या क्षणाचे. स्पर्धा नुकतीच सुरू झाली आहे, प्रत्येकाचे एकेक नृत्य झाले आहे, परीक्षकांनी गुण दिले आहेत आणि लोक आडाखे बांधू लागले आहेत. हे आडाखे कशावर बांधले जातात? त्यांतले कोणते खरे ठरतात आणि कोणते वारंवार फसतात? नामवंतांच्या दूरचित्रवाणीवरील नृत्यस्पर्धांपुरता हा प्रश्न मी गेली काही वर्षे धरून बसलो आहे. माझे शिक्षण वाणिज्य शाखेचे. नृत्याचे शास्त्र मी शिकलेलो नाही आणि संशोधनाची पदवीही माझ्याजवळ नाही. गुणतक्ते, नियमांतले बदल आणि निकाल एकापुढे एक मांडून पाहणे एवढीच माझी पद्धत आहे.

विषय हलका वाटेल, पण तो तसा नाही. जाणकारांचे गुण आणि लोकांची मते एकाच तराजूत टाकून निकाल काढायचा, हा प्रयोग या स्पर्धांनी कोट्यवधी लोकांसमोर वीस वर्षांहून अधिक काळ चालवला. गुणवत्ता म्हणजे काय आणि ती ठरवायची कोणी, हा जुना वाद त्यात दर आठवड्याला नव्याने लढला गेला. पहिल्या आठवड्याची भाकिते का चुकतात हे पाहताना या वादाची नस सापडते, असे माझे मत आहे.

ब्लॅकपूल ते बीबीसी

या स्पर्धांचे मूळ इंग्लंडमध्ये आहे. लँकाशरच्या किनाऱ्यावरील ब्लॅकपूल हे गिरणी कामगारांच्या सुट्टीचे गाव. तिथे १९२०पासून बॉलरूम नृत्याचा महोत्सव भरतो. अशा स्पर्धांत अंतिम फेरीतले परीक्षक गुण देत नाहीत, क्रमांक देतात. बहुसंख्य परीक्षकांनी ज्या जोडीला वरचा क्रमांक दिला ती वर जाते. या पद्धतीला ‘स्केटिंग सिस्टीम’ म्हणतात. प्रेक्षकाला त्यात टाळ्यांपलीकडे काही स्थान नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर बीबीसीने ‘कम डान्सिंग’ हा कार्यक्रम सुरू केला. त्याचा जनक एरिक मॉर्ली, ज्याने पुढे ‘मिस वर्ल्ड’ स्पर्धा काढली. निरनिराळ्या प्रांतांतल्या हौशी जोड्या नाचत आणि तज्ज्ञ निकाल देत. हा कार्यक्रम मध्ये खंड पडत, रूप पालटत १९९०च्या दशकाच्या अखेरपर्यंत चालला. आपल्याकडच्या राज्य नाट्य स्पर्धेत किंवा अकलूजच्या लावणी स्पर्धेत जी पद्धत आहे तीच तिथे होती. प्रेक्षकाने दाद द्यावी, शिट्टी मारावी, पण क्रमांक परीक्षकांनी काढावा.

मे २००४मध्ये बीबीसीने ‘स्ट्रिक्टली कम डान्सिंग’ सुरू केले तेव्हा ही व्यवस्था उलटीपालटी झाली. नावाचा अर्धा भाग जुन्या कार्यक्रमाचा, अर्धा १९९२च्या ‘स्ट्रिक्टली बॉलरूम’ या ऑस्ट्रेलियन चित्रपटाचा. नाचणारे आता हौशी राहिले नाहीत. प्रत्येक जोडीत एक नामवंत आणि एक व्यावसायिक नर्तक किंवा नर्तिका. चार परीक्षक प्रत्येकी दहापैकी गुण देणार आणि घरबसल्या प्रेक्षक दूरध्वनीवरून मत देणार. वृत्तनिवेदिका नताशा कॅप्लिन्स्की पहिल्या पर्वाची विजेती ठरली. पुढच्या वर्षी अमेरिकेत एबीसी वाहिनीवर ‘डान्सिंग विथ द स्टार्स’ आले आणि २००६मध्ये आपल्याकडे सोनी वाहिनीवर ‘झलक दिखला जा’.

गणित समजल्याशिवाय भाकीत नाही

सुरुवातीच्या आडाख्यांतली पहिली गफलत अशी की लोक परीक्षकांचे गुण थेट मतांत मिळवले जातात असे समजतात. ‘स्ट्रिक्टली’त तसे होत नाही. गुणांवरून फक्त क्रम लावला जातो. पंधरा जोड्या असतील तर परीक्षकांच्या यादीत पहिल्या जोडीला १५ अंक, शेवटच्या जोडीला १. प्रेक्षकांच्या मतांचाही तसाच क्रम लावतात. दोन्हींची बेरीज होते आणि बरोबरी झाल्यास लोकमत वरचढ ठरते.

आता एक उदाहरण घेऊ. एक जोडी परीक्षकांच्या यादीत तळाला आहे, पण लोकांची लाडकी आहे. तिचे १ अधिक १५, म्हणजे १६. दुसरी जोडी दोन्ही याद्यांत बरोबर मध्यावर, आठवी. तिचे ८ अधिक ८, म्हणजे १६च. तिसरी परीक्षकांकडे पाचवी, लोकांकडे शेवटची. तिचे ११ अधिक १, म्हणजे १२. सुरुवातीच्या आठवड्यांत धोका कोणाला असतो ते यावरून दिसते. वाईट नाचणारा पण लोकांना आवडलेला माणूस सुरक्षित असतो आणि बरा नाचणारा पण कोणाच्याच लक्षात न राहिलेला घरी जातो. वर्तमानपत्रांनी ज्याला ‘धक्कादायक निकाल’ म्हटले, त्यातला बराचसा भाग या बेरजेचा असतो.

जोड्या कमी होतात तसा हा आधार आटतो. चारच जोड्या उरल्यावर लाडक्या पण कच्च्या जोडीची बेरीज १ अधिक ४, म्हणजे ५. तेवढीच बेरीज दोन्हीकडे दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावर रेंगाळणाऱ्या जोडीचीही होते. त्यात ‘डान्स-ऑफ’चा नियम आहे. तळाच्या दोन जोड्या पुन्हा नाचतात आणि त्यांतली कोणती ठेवायची हे परीक्षक ठरवतात. हा नियम २००७मध्ये आला, २०१०मध्ये काढला गेला आणि २०१२मध्ये परतला. म्हणजे लोकांच्या लाडक्या कच्च्या गड्याला मधल्या टप्प्यात परीक्षक अडवू शकतात. पण तो अंतिम फेरीत पोहोचला तर तिथे आता परीक्षकांचे गुण केवळ मार्गदर्शनासाठी असतात. निकाल लोकांचा.

थोडक्यात, एकाच स्पर्धेत तीन वेगळ्या परीक्षा असतात. सुरुवातीला लक्षात राहणे, मध्ये परीक्षकांना पटणे आणि शेवटी लोकांचे होणे. पहिल्या आठवड्याचे गुण फक्त मधल्या परीक्षेची चाहूल देतात.

जाणकार काय पाहतात

असे असूनही पहिल्या नृत्यातून बरेच दिसते. बॉलरूम प्रकारांत, म्हणजे वॉल्ट्झ, टँगो, फॉक्सट्रॉटमध्ये, दोघांच्या हातांची आणि खांद्यांची चौकट टिकते का, पुढे जाताना टाच आधी पडते का, मान आखडली आहे का, हे पाहतात. लॅटिन प्रकारांत, म्हणजे चाचाचा, रंबा, सांबामध्ये, गुडघा पूर्ण सरळ होतो का आणि कमरेची हालचाल पायांतून येते की वरून चिकटवल्यासारखी वाटते, हे पाहतात. सगळ्यांत महत्त्वाचा ताल. तो नसला तर पुढच्या आठवड्यांत येईलच असे नाही.

पण पहिले नृत्य कोणी निवडलेले असते? आयोजकांनी. चाचाचा जलद आणि उघडा, त्यात नवख्याचे पाय लपत नाहीत. वॉल्ट्झमध्ये जोडीदार त्याला सांभाळून नेऊ शकतो. त्यामुळे एकाचे चाचाचाचे २० गुण आणि दुसऱ्याचे वॉल्ट्झचे २५ यांची तुलना करणे म्हणजे एकाला गणिताचा आणि दुसऱ्याला चित्रकलेचा पेपर देऊन टक्केवारी ताडून पाहण्यासारखे आहे.

जोडीदाराची नेमणूक हाही आयोजकांनी मुक्यानेच वर्तवलेला अंदाज असतो. अँटॉन ड्यू बीक पहिल्या पर्वापासून नाचत होता. त्याच्या वाट्याला बहुधा थोराड किंवा नृत्याचा गंध नसलेल्या जोडीदारणी येत. २०१०मध्ये माजी मंत्री अॅन विडकम त्याच्याबरोबर होत्या. नाच यथातथाच असूनही त्या लोकांच्या मतांवर कित्येक आठवडे टिकल्या. पण स्पर्धक म्हणून अँटॉन एकदाही जिंकला नाही. २०२१मध्ये तो परीक्षकाच्या खुर्चीत जाऊन बसला. उलट ओटी माबुसेने २०१९ आणि २०२० अशी लागोपाठ दोन पर्वे जिंकली. अमेरिकेत डेरेक हफ सहा वेळा जिंकला. तेव्हा पहिल्या आठवड्यात नामवंताकडे बघण्याआधी त्याच्या शेजारी कोण उभे आहे ते बघावे.

ब्रिटनमध्ये अशा स्पर्धांवर कायदेशीर पैजा लागतात. इतिहासाच्या अभ्यासकाला ही मोठी सोय आहे, कारण पैजेचा भाव म्हणजे त्या दिवशी लोकांना काय वाटत होते याची नोंद. २०१९मध्ये जेमी लेंग पायाच्या दुखापतीमुळे बाहेर पडला आणि ऐनवेळी मालिकांतला नट केल्व्हिन फ्लेचर आत आला. तोवर त्याच्याकडे कोणाचे लक्ष नव्हते. पहिल्याच आठवड्यात त्याने ओटीबरोबर सांबा केला, ३२ गुण मिळवले आणि एका रात्रीत तो सर्वांत आवडता ठरला. शेवटी जिंकलाही तोच. पहिल्या आठवड्याचे भाकीत खरे ठरल्याचे हे ठळक उदाहरण. पुढच्याच वर्षी त्याच ओटीबरोबर विनोदी नट बिल बेली आला. वय ५५, अंगकाठी नर्तकाची नाही. सुरुवातीला विजेता म्हणून त्याच्याकडे बघणारे फारच थोडे होते. जिंकला तो, आणि त्या स्पर्धेचा तोवरचा सर्वांत वयस्क विजेता ठरला.

दोन क्रिकेटपटू

आपल्या वाचकांना ओळखीची अशी दोन नावे या इतिहासात आहेत. यॉर्कशरचा जलद गोलंदाज डॅरेन गॉफ, कसोटीत २२९ बळी घेणारा, आडव्या बांध्याचा गडी. २००५च्या पर्वात त्याच्यासमोर अडथळ्यांच्या शर्यतीतला विश्वविक्रमी धावपटू कॉलिन जॅक्सन होता. जॅक्सनचे नृत्य रेखीव होते आणि परीक्षकांना ते भावत होते. जिंकला गॉफ. पुढल्या वर्षी मार्क रामप्रकाश आला. वडील गयानातल्या भारतीय वंशाचे. त्या उन्हाळ्यात सरेकडून खेळताना त्याने कौंटी क्रिकेटमध्ये शंभरावर सरासरीने दोन हजारांवर धावा केल्या होत्या. प्रथम श्रेणीत पुढे त्याची ११४ शतके झाली, पण ५२ कसोटींत सरासरी जेमतेम २७. ज्याच्या तंत्राबद्दल कोणाला शंका नव्हती, पण मोठ्या मंचावर ज्याचे नेहमी काहीतरी अडत असे, असा हा फलंदाज. एका आठवड्यात मायक्रोफोन अडकल्यामुळे त्याला आणि कॅरन हार्डीला साल्सा मध्येच थांबवून पुन्हा सुरू करावा लागला. अंतिम फेरीत त्याच साल्साला ४० पैकी ४० गुण मिळाले आणि तो जिंकला.

खेळाडूंबद्दलचा पहिला आडाखा नेहमी शरीरावर बांधला जातो. दम आहे, चपळता आहे, म्हणून हा टिकेल. या दोघांचे निकाल पाहता मला वाटते, खेळाडूची खरी शिदोरी वेगळी असते. चूक दाखवली की राग न मानता ती दुसऱ्या दिवशी सुधारायची सवय त्याच्या अंगात मुरलेली असते. ही सवय पहिल्या आठवड्यात दिसत नाही. ती चौथ्या-पाचव्या आठवड्यात दिसू लागते.

२००८ : नियमच हरले

लोकमत आणि परीक्षक यांच्यातला ताण २००८मध्ये टोकाला गेला. ज्येष्ठ राजकीय पत्रकार जॉन सार्जंट यांना नाचता येत नव्हते आणि ते लपवण्याचा प्रयत्नही ते करत नव्हते. परीक्षक त्यांना तळाला ठेवत, लोक उचलून वर काढत. चांगले नाचणारे त्यांच्या आधी घरी जाऊ लागले तेव्हा ओरड झाली. नोव्हेंबरमध्ये सार्जंट स्वतःहून बाहेर पडले. आपण खरोखरच जिंकू की काय, अशी शक्यता दिसू लागली आणि गंमत फार पुढे गेली, असे त्यांचे म्हणणे होते.

त्याच पर्वाच्या उपांत्य फेरीत तीन जोड्या उरल्या. लिसा स्नोडन आणि रेचल स्टीव्हन्स परीक्षकांच्या गुणांत बरोबरीत पहिल्या आल्या. दोघींना तीन-तीन अंक आणि तिसऱ्या टॉम चेंबर्सला एक. लोकांनी टॉमला सर्वाधिक मते दिली तरी त्याचे १ अधिक ३, म्हणजे ४. त्या दोघींचे ५ आणि ४. म्हणजे काहीही झाले तरी टॉम तळाच्या दोघांत येणारच होता. लोक पैसे मोजून मते देत होते आणि त्या मतांनी त्याला वाचवणे अशक्य होते. हे लक्षात आल्यावर डान्स-ऑफ रद्द झाला, मते पुढे नेली गेली आणि तिघांनाही अंतिम फेरीत घेतले गेले. ती फेरी टॉम चेंबर्सने जिंकली. पहिल्या आठवड्यात कितीही हुशारीने बांधलेला आडाखा असो, त्यात ‘नियम चुकेल’ हे कलम कोणी घातले नव्हते.

अमेरिका आणि आपण

अमेरिकेत तर पहिल्याच पर्वात हा प्रश्न उभा राहिला. २००५मध्ये मालिकेतली नटी केली मोनॅको पहिल्या आठवड्यात ३० पैकी १३ गुणांवर होती. कोणीही तिला वगळले असते. ती जिंकली. ती ज्या मालिकेत काम करत होती ती त्याच वाहिनीची, त्यामुळे कुजबुज झाली. इतकी की उपविजेता जॉन ओ’हर्ली आणि ती यांचा पुन्हा सामना ठेवला गेला, आणि तो ओ’हर्लीने जिंकला. २०१८मध्ये रेडिओ निवेदक बॉबी बोन्स परीक्षकांच्या गुणांत मागे असूनही श्रोत्यांच्या बळावर विजेता झाला. पुढच्याच पर्वात नियम आला की तळाच्या दोघांपैकी कोणाला वाचवायचे ते परीक्षक ठरवतील.

आपल्याकडे ‘झलक’च्याही आधी, २००५मध्ये, ‘नच बलिये’ने नामवंत जोडप्यांची स्पर्धा आणली. पहिले विजेते आपले सचिन आणि सुप्रिया पिळगावकर. समोर तरुण जोडपी होती. अंगाच्या लवचीकतेवर भाकीत करणाऱ्याने त्यांना मागे ठेवले असते. पण दोन दशके एकत्र काम केलेल्या माणसांना एकमेकांचा श्वास कळतो. ही गोष्ट पहिल्याच नृत्यात दिसायला हवी होती, आणि बघणाऱ्यांना ती दिसलीही असेल. गुणपत्रिकेत मात्र तिला वेगळा रकाना नव्हता.

‘झलक’च्या पहिल्या पर्वात श्वेता साळवे ही पक्की नर्तिका होती. जिंकली ‘जस्सी’ म्हणून घराघरात पोहोचलेली मोना सिंग. तिची मालिका त्याच सोनी वाहिनीची, अगदी केली मोनॅकोसारखे. २००९मध्ये फुटबॉलपटू बायचुंग भुतिया जिंकला आणि गौहर खान उपविजेती ठरली. एसएमएस मतांचा तो काळ होता. दोनच वर्षांपूर्वी दार्जिलिंगच्या प्रशांत तमांगला ‘इंडियन आयडॉल’मध्ये डोंगरी भागाने उचलून धरले होते. सिक्कीमच्या भुतियाच्या मागे काय उभे राहू शकते, याचा अंदाज करायला नृत्याच्या जाणकारापेक्षा निवडणुकीचा जाणकार अधिक उपयोगी पडला असता.

मग पहिला आठवडा काय सांगतो?

ही सगळी प्रकरणे समोर ठेवून मी काही निष्कर्षांवर आलो आहे. पहिला आठवडा विजेता सांगत नाही, पण लवकर जाणारे बऱ्यापैकी सांगतो. ते बहुधा सर्वांत वाईट नाचणारे नसतात. ते असतात परीक्षकांच्या यादीत मधले आणि लोकांच्या मनात अनोळखी. दुसरे असे की पहिल्या आठवड्यातला अव्वल स्पर्धक अंतिम फेरीच्या आसपास पोहोचण्याची शक्यता चांगली असते, पण तिथे गेल्यावर त्याची अडचण सुरू होते. त्याला वर चढायला पायरीच उरलेली नसते. २००९मध्ये रिकी व्हिटल सतत आघाडीवर होता, जिंकला क्रिस हॉलिन्स. २०१८मध्ये अॅशली रॉबर्ट्स आणि फे टोझर या गायनसमूहांतून आलेल्या तयार नर्तिका होत्या, जिंकली पत्रकार स्टेसी डूली. परीक्षक उंची मोजतात, लोक चढण मोजतात. पहिल्या आठवड्यात उंची दिसते, चढण दिसत नाही.

तिसरा निष्कर्ष मला अधिक महत्त्वाचा वाटतो. सुरुवातीचे आडाखे शरीराकडे बघून बांधले जातात. वय किती, वजन किती, कोणाला काय जमणार नाही. २०२१मध्ये रोझ आयलिंग-एलिस ही ‘स्ट्रिक्टली’तली पहिली कर्णबधिर स्पर्धक आली, तेव्हा ऐकू न येणारी मुलगी तालावर कशी नाचेल, हा पहिला प्रश्न होता. ती जोडीदाराच्या हालचालीतून आणि मोजणीतून ताल पकडत होती. एका नृत्यात काही क्षण संगीत पूर्ण थांबवले गेले आणि ती व जोव्हानी पर्नीचे शांततेत नाचत राहिले. त्या क्षणांत बघणाऱ्यांना तिच्या जगाची कल्पना आली. ती जिंकली. २०२४मध्ये दृष्टिहीन विनोदकार क्रिस मॅककॉसलँड आला. ज्याला दिसत नाही त्याला पावले दाखवायची कशी, इथून डायॅन बझवेलची सुरुवात होती. तोही जिंकला.

या दोघांच्या विजयाला ‘सहानुभूतीची मते’ म्हणणे सोपे आहे. गुणतक्ते तसे म्हणू देत नाहीत. सार्जंट यांना सहानुभूती भरपूर होती, पण ते तळ सोडू शकले नव्हते. रोझ आणि क्रिस परीक्षकांच्या यादीतही वर सरकत गेले. लोकांनी फरक बरोबर ओळखला. ज्याला येत नाही आणि त्याचे काही वाटतही नाही, त्याला लोकांनी गंमत म्हणून काही आठवडे ठेवून घेतले. ज्याला येत नव्हते आणि जो दर आठवड्याला थोडे अधिक आणत गेला, त्याला त्यांनी करंडक दिला.

तज्ज्ञांना लोकमताची नेहमीच धास्ती वाटते. ती अगदीच निराधार नाही, हे बॉबी बोन्सच्या निकालावरून दिसते, आणि म्हणून परीक्षक हवेतच. त्यांच्यावाचून चढण मोजायला पट्टीच राहणार नाही. पण त्यांनी पहिल्या आठवड्यात दिलेल्या आकड्याला भविष्य समजू नये. तो सुरुवातीच्या ठिकाणाचा पत्ता असतो. कोण कुठवर जाणार, हे त्या पत्त्यावरून कळत नाही. त्यासाठी तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत थांबून, पहिल्या आठवड्यात दाखवलेली चूक आता कोणाच्या पायात उरलेली नाही, एवढे बघावे लागते.